पाव किनाऱ्यावरच ठेवा

दिवाळीची सुट्टी लागली की मालवणच्या धक्क्यावर स्नॉर्केलिंगच्या होड्यांची लगबग सुरू होते, ती थेट मे महिन्यापर्यंत चालते. मास्क चढवायचा, नळीचे टोक दातांत धरायचे आणि लाइफ जॅकेटच्या भरवशावर पाण्यावर पालथे पडायचे, की खाली खडक दिसू लागतो. बहुतेकांना तिथे पहिल्यांदा भेटतो तो एकच मासा. तळहाताएवढा, चपटा, पोटाकडे रुपेरी, पाठीवर हळदीचा हात फिरवल्यासारखा पिवळा, आणि अंगावर वरून खाली उतरलेले पाच काळे पट्टे. गणवेशावरच्या फितींसारख्या दिसणाऱ्या या पट्ट्यांमुळे इंग्रजीत त्याला सार्जंट मेजर हे नाव पडले. आपणही त्याला सार्जंटच म्हणू. पाण्यात पावाचा तुकडा पडला की काही क्षणांत असे चाळीस-पन्नास सार्जंट हाताभोवती गोळा होतात, मास्कच्या काचेपाशी घिरट्या घालतात, बोटांना तोंड लावतात. तो व्हिडिओ मोबाइलवरून घरोघरी पोचतो आणि पुढच्या सुट्टीत आणखी चार जण पाव घेऊन पाण्यात उतरतात. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच, की तो पाव किनाऱ्यावरच ठेवावा. पण नुसते सांगून भागणार नाही. मासा खातो, माणूस हरखतो, कोणाचे काही गेल्यासारखे दिसत नाही. मग बिघडते कुठे? ते कळायला या माशाचा दिवस कसा जातो ते आधी पाहावे लागेल.

सार्जंट हा काही केवळ कोकणचा मासा नाही. तांबड्या समुद्रापासून आफ्रिकेचा पूर्व किनारा, भारत, आग्नेय आशिया आणि पुढे प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत, जिथे पाणी उबदार, उथळ आणि तळ खडकाळ आहे तिथे तो किंवा त्याचे भाऊबंद सापडतात. शास्त्रीय नावातला ‘अबुडेफडफ’ हा विचित्र वाटणारा शब्द अरबी आहे. पीटर फोर्सकाल हा निसर्गअभ्यासक डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेबरोबर अरबस्तानात गेला, तांबड्या समुद्रातल्या माशांची टिपणे त्याने केली, आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये तो वारला. त्याचा सहप्रवासी कार्स्टेन नीबुर तिथून मुंबईला आला. घारापुरीच्या लेण्यांची मोजमापे घेऊन चित्रे काढणारा नीबुर तो हाच. त्यानेच पुढे युरोपात परतल्यावर १७७५ मध्ये फोर्सकालची टिपणे छापून आणली आणि या माशांच्या गटाला ते अरबी नाव कायमचे चिकटले. आपल्या बाजूला मालवणचा खडक, गोव्याजवळचे ग्रँड आयलंड, मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट ही त्याला पाहण्याची ठिकाणे. तो खोल पाण्याच्या वाटेला फारसा जात नाही. पृष्ठभागापासून दहा-पंधरा मीटरांपर्यंतचा थर हे त्याचे घर. म्हणजे पर्यटक जिथे पोहतो नेमके तिथेच तो राहतो, आणि आपल्या प्रत्येक कृतीचा भार आधी त्याच्यावर पडतो.

दिवस उजाडला की सार्जंट खडकाच्या कपारीतून बाहेर पडतात आणि खडकाच्या ज्या बाजूने प्रवाह येतो त्या बाजूला, तळापासून थोडे वर, तोंड प्रवाहाकडे करून थव्याने उभे राहतात. प्रवाहाबरोबर समुद्रातून तरंगत येणारे सूक्ष्म जीव, म्हणजे कोळंबीच्या जातीची इवली पिल्ले, माशांची अंडी, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी प्राणी, ते एकेक करून टिपतात. मधूनच खाली उतरून खडकावरचे शेवाळही कुरतडतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर प्रवाहाच्या तोंडाशी उभ्या असणाऱ्या अशा माशांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये या रांगेला ‘तोंडांची भिंत’ म्हटले, कारण खुल्या समुद्रातून आलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव खडकापर्यंत पोचण्याआधीच मासे त्यांचा मोठा भाग फस्त करतात. खडकाला यातून काय मिळते? अंधार पडताच हे मासे पुन्हा कपारींत शिरतात आणि दिवसभर खाल्लेले तिथे विष्ठेच्या, मूत्राच्या रूपाने सोडतात. त्यातला अमोनिया प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला खत म्हणून लागू पडतो. माशांच्या थव्याला आसरा देणारी प्रवाळे मासे नसलेल्या प्रवाळांपेक्षा जोमाने वाढतात, असे कॅरिबियन समुद्रातल्या वेगळ्या जातीच्या माशांवर केलेल्या संशोधनात १९८३ मध्येच दिसून आले होते. खडकाला स्वतः हलता येत नाही. समुद्रातले अन्न त्याच्या दारात आणून टाकण्याचे काम हे मासे करतात. सार्जंटाची ही रोजची फेरी ध्यानात ठेवा, कारण पावाचा तुकडा पहिल्यांदा तीच मोडतो.

दुसरे काम घराचे. विणीच्या दिवसांत नर खडकाचा एखादा उभा भाग निवडतो, तोंडाने शेवाळ खरवडून तो स्वच्छ करतो आणि मादीला तिथे बोलावतो. मादी त्या जागेवर हजारो चिकट अंडी एका थरात लावते आणि निघून जाते. पुढची सगळी जबाबदारी नराची. त्याच्या अंगाची पिवळी झाक जाऊन तो निळसर, काळपट होतो. अंड्यांवर परांच्या पंख्याने वारा घालावा तसा तो पाणी खेळवत राहतो, मेलेली अंडी वेचून काढतो आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जातो. समोरचा मासा त्याच्या दुप्पट असो की मास्क लावलेला माणूस असो. ताजी अंडी जांभळट-तांबूस दिसतात. खडकावर हातभर लांब असा मखमलीसारखा जांभळा डाग आणि त्यासमोर सतत येरझारा घालणारा काळपट मासा दिसला, तर ते घरटे समजावे. अंडी फुटायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस हा पहारा चालतो. पिल्ले फुटल्यावर प्रवाहाबरोबर समुद्रात जातात आणि काही आठवडे तरंगत काढून पुन्हा एखाद्या खडकाला लागतात. अंड्यांवर डोळा ठेवून असणारे रॅस आणि फुलपाखरू मासे आजूबाजूलाच घुटमळत असतात. नर दोन मिनिटे जागेवरून हलला, तर त्यांना तेवढी संधी पुरते.

आता या चित्रात पाव टाकून पाहू. पहिला फरक जागेचा. ज्या थव्याने प्रवाहाच्या तोंडाशी उभे राहायचे, तो होडीच्या सावलीत थांबू लागतो. इंजिनाचा आवाज ही त्याला जेवणाची घंटा होते. दुसरा फरक संख्येचा. पावावर तुटून पडणारे मासे मोजक्याच जातींचे असतात. धीट, थव्याने वावरणारे, काहीही खाऊन पाहणारे. सार्जंट त्यांत पहिला. ब्राझीलमध्ये जोआव पेसोआ शहरासमोरच्या पिकाओझिन्यो या उथळ प्रवाळखडकावर पर्यटक होड्यांनी येतात आणि माशांना खाऊ घालतात. तिथे पर्यटक असताना आणि नसताना मासे मोजले गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पर्यटकांच्या वेळी सार्जंटाच्या अटलांटिक भावंडाचे वर्चस्व वाढलेले आणि एकूण जातींचे वैविध्य घटलेले आढळले. तिसरा फरक घरट्याचा, आणि तो सर्वांत बोलका आहे. सिसिलीजवळच्या उस्तिका बेटावर पर्यटक पाण्यात खाऊ टाकत, त्यावर एका जातीचे रॅस मासे जमत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की अशा ठिकाणी रॅस मासे डॅम्सेल माशांच्या घरट्यांवर अधिक वेळा हल्ला करून अंडी खातात. डॅम्सेल म्हणजे सार्जंटाचेच कुळ. खाऊ ज्याला दिला त्यालाच बोलावून तो थांबला नाही. त्याने शेजाऱ्याच्या पाळण्यापर्यंत चोरांची वाट करून दिली.

पावाविरुद्ध आणखीही दोन मुद्दे मांडले जातात. त्यांतला एक मी जाणूनबुजून मागे ठेवतो. पावाने पाणी घाण होते, हा तो मुद्दा. मैदा, साखर, यीस्ट हे माशाचे अन्न नव्हे, आणि न खाल्लेला पाव तळाशी कुजतो, हे खरे. तरी गावांचे सांडपाणी, नद्यांनी आणलेला गाळ आणि होड्यांचे तेल यांपुढे पाव किरकोळच. लहान दोषाला मोठा करून सांगितले की ऐकणारा उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही. दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि तो माशापेक्षा माणसाचा आहे. मासे हाताशी आले की माणूस हरखून उभा राहतो. पाय टेकायला खाली जे असेल त्यावर तो उभा राहतो, आणि मालवणच्या उथळ पाण्यात खाली अनेकदा प्रवाळ असते. धोंड्यासारखे दिसणारे पोराइट्स जातीचे प्रवाळ साधारण वर्षाला एक सेंटीमीटर या गतीने वाढते. एक वीत वाढायला वीस वर्षे जातात, आणि त्याची जिवंत कातडी रबरी फिनच्या एका घासण्याने सोलते. मालवणच्या सागरी अभयारण्यात डायव्हिंगमुळे प्रवाळांना होणाऱ्या इजेची नोंद घेणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आहे. पावाने जमवलेली गर्दी ही अशा इजेला आमंत्रणच. माशांभोवती माणसे घोटाळतात, माणसांभोवती मासे, आणि दोघांच्या खाली खडक चेपला जातो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. एवढा मोठा समुद्र, त्यात चार तुकडे पावाचे, त्याने काय होणार? समुद्र मोठा आहे. खडक मोठा नाही. मालवण परिसरात जिवंत प्रवाळ आहे, ही नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये केली. १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, त्याचे क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर. पण या सगळ्या क्षेत्रात प्रवाळाचा गालिचा पसरलेला नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर तुटक तुटक ठिपके आहेत. लक्षद्वीप किंवा अंदमानसारखे नितळ पाणी इथे नाही. कर्लीसारख्या नद्या पावसाळ्यात गाळ आणून ओततात आणि त्यातूनही तग धरलेली ही प्रवाळे आहेत. स्नॉर्केलिंगच्या होड्या त्यांतल्या नेमक्या त्याच चार-पाच जागी रोज जातात, कारण तिथेच पाणी शांत आणि बघण्यासारखे असते. म्हणजे प्रश्न अरबी समुद्रात चार तुकडे टाकण्याचा नाही. अंगणाएवढ्या जागेत वर्षातले सात-आठ महिने, रोज, दर होडीमागे पाव टाकण्याचा तो प्रश्न आहे. एका पर्यटकाचा एक तुकडा निरुपद्रवी वाटतो, याचे कारण त्याच्या आधी आणि नंतर आलेले तुकडे त्याला दिसत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. सार्जंट हा दुर्मीळ मासा नाही. तो चिवट आहे, कुठेही जमवून घेतो. हवाई बेटांवर हिंदी-प्रशांत महासागरातला हा सार्जंट पूर्वी नव्हता. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो तिथे दिसू लागला. त्याची पिल्ले तरंगत्या शेवाळाखाली, लाकडाच्या ओंडक्याखाली, टाकून दिलेल्या जाळ्यांखाली आसरा घेत दूरवर वाहत जातात, आणि अशाच तरंगत्या कचऱ्याबरोबर तो हवाईला पोचला असावा, असे मानले जाते. तिथे त्याचा स्थानिक भावंडाशी संकरही होऊ लागला आहे. मग ज्याला कोणी हरवू शकत नाही, त्याची काळजी आपण का करावी? उत्तर असे, की काळजी सार्जंटाची नाहीच. पाव टाकणे वाईट ठरते ते मासा मरतो म्हणून नव्हे. एकच चिवट मासा सगळीकडे होतो म्हणून. शेताच्या बांधावर एकाच जातीचे तण माजले की ते हिरवे दिसते, पण बांधावरच्या बाकीच्या वनस्पती गेलेल्या असतात. खडकाचेही तसेच. पोपटमासा शेवाळ खरवडतो, रॅस किडे वेचतो, फुलपाखरू मासा प्रवाळांच्या सांध्यांतून टिपतो, हेकरू कपारीत दबा धरून लहान माशांची संख्या आटोक्यात ठेवतो. प्रत्येकाचे काम वेगळे. ज्याला पाव आवडतो त्यालाच वाढू दिले, तर खडकावर मासे पुष्कळ दिसतील आणि कामे अडून राहतील.

तिसरा आक्षेप आपल्या संस्कारांतून येतो आणि त्याला झटकून टाकणे योग्य नाही. मुंगीला साखर, गाईला घास, चिमणीला दाणे, माशांना कणकेच्या गोळ्या. मुक्या जिवाला खाऊ घालणे हे पुण्य मानणारी आपली माणसे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीचा डोह आहे. तिथले महासीर मासे देवीचे मानले जातात, भाविक त्यांना खायला टाकतात, आणि त्या डोहात ते आजही टिकून आहेत. मग मालवणच्या माशाने काय घोडे मारले? वाळणकोंडीचे मासे नेमके कशाने वाचले ते पाहिले की उत्तर मिळते. ते खाऊ मिळाला म्हणून वाचले नाहीत. त्या डोहात कोणी जाळे टाकायचे नाही, गळ लावायचा नाही, माशाला हात लावायचा नाही, हा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला म्हणून ते वाचले. त्या परंपरेचा गाभा दाण्यांत नाही, हात आवरण्यात आहे. शिवाय डोह आणि समुद्रातला खडक यांत फरक आहे. खडकावरच्या माशाचे अन्न प्रवाह रोज आणून देतो आणि ते त्याने तिथेच टिपावे, यावर बाकीच्यांचे पोट अवलंबून असते. मुक्या जिवाविषयीचा जिव्हाळा दाखवायचा असेल, तर मालवणात तो हात मागे घेऊन दाखवता येतो, आणि तो परंपरेला सोडून होणार नाही.

चौथा आक्षेप पोटाचा आहे. स्नॉर्केलिंगवर मालवण-तारकर्लीतली कितीतरी घरे चालतात; त्यांत मासेमारी परवडेनाशी झाली म्हणून या धंद्यात आलेलेही आहेत. पर्यटकाला दहा-पंधरा मिनिटे मिळतात, तेवढ्यात मासे दिसले नाहीत तर तो नाराज होऊन जातो आणि पुढचे गिऱ्हाईक तुटते, हे होडीवाल्याचे म्हणणे खोटे नाही. म्हणूनच दोष एकट्या होडीवाल्यावर टाकणे अन्यायाचे होईल. पाव तो टाकतो, कारण गिऱ्हाईक मागते. हवाईतल्या ओआहू बेटावरच्या हनाउमा खाडीत पूर्वी पर्यटक गोठवलेले वाटाणे आणि पाव माशांना टाकत असत. गेल्या शतकाच्या अखेरीस ते बंद करण्यात आले. त्यानंतर पर्यटक येईनासे झाले नाहीत. उलट पुढच्या काळात गर्दी आवरण्यासाठी रोजच्या प्रवेशावर मर्यादा घालावी लागली. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने तर डायव्हरांनी माशांना खाऊ घालण्यावर २००२ पासून बंदी घातली, आणि तिथला डायव्हिंगचा धंदा चालूच आहे. खाऊ बंद झाल्याने धंदा बुडत नाही. गाइडचे काम मात्र बदलते. मासे गोळा करून दाखवणाऱ्याच्या जागी, मासे कुठे काय करतात ते ओळखून दाखवणारा माणूस लागतो. मालवणच्या दर्यावर्दी तरुणांकडे ती नजर आहेच. तिला दाम मिळेल की नाही, हे गिऱ्हाइकाने काय मागितले यावर ठरेल.

म्हणून पहिली सूचना पाण्यात उतरण्याआधीची आहे. ठरवताना दर विचारतो तसेच दोन प्रश्न आणखी विचारावेत: तुम्ही पाण्यात पाव टाकता का, आणि होडी खडकावर नांगरता की बांधून ठेवलेल्या बोयाला लावता? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘टाकतो’ असे आले, तर शांतपणे सांगावे, की आमच्या फेरीत टाकू नका, मासे कमी दिसले तरी आमची तक्रार नाही. हे दुसरे वाक्य महत्त्वाचे. होडीवाल्याची खरी भीती त्याने जाते. वेळ निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ धरावी. पावसाळ्याचा गाळ तोवर बसलेला असतो, आणि दुपारचा वारा सुटण्याआधी पाणी शांत असते. भरतीचे वेळापत्रक पाहून शक्यतो ओहोटीच्या तळाची वेळ टाळावी, कारण त्या वेळी खडकावर पाणी कमी उरते आणि पाय प्रवाळाला लागतात. उन्हासाठी अंगभर लोशन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा घट्ट पोहण्याचा सदरा घालावा. काही सनस्क्रीनमधली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्ये प्रवाळाला अपायकारक ठरतात या कारणाने हवाई राज्याने २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. मास्क लावून श्वास घ्यायचा सराव किनाऱ्याजवळ, वाळूच्या तळावर करावा. पाण्यात घाबरलेला माणूस सर्वांत आधी पाय खाली सोडतो, आणि तेच टाळायचे आहे.

दुसरी सूचना पाण्यातली. अंग आडवे ठेवा, पाय वर, हात शरीराशी. पोहता येत नसेल तर गाइडला सांगा, की मला धरून एकाच खडकासमोर स्थिर ठेवा, फिरवू नका. पहिली दोन-तीन मिनिटे फारसे काही दिसणार नाही. होडी, माणसे, आवाज यांनी मासे दबलेले असतात. त्यात ज्या जागी रोज पाव पडतो तिथले सार्जंट लगेच येऊन हात हुंगतील, मग काही मिळत नाही असे पाहून पांगतील. त्यानंतर पाहण्यासारखे सुरू होते. खडकाच्या कोणत्या बाजूला थवा तोंड करून उभा आहे ते बघा. तिकडूनच प्रवाह येतो आहे. एखादा सार्जंट किंचित पुढे झेपावतो, तोंड क्षणभर पुढे काढतो आणि पुन्हा जागेवर येतो, तेव्हा तुम्हाला न दिसलेला एक जीव त्याने टिपलेला असतो. जांभळा डाग आणि काळपट नर दिसला, तर दोन-तीन हात मागे सरून थांबा. तो तुमच्यावर धावून आला तर समजा, की तुम्ही फार जवळ आहात. फोटोसाठी तिथे रेंगाळू नका, कारण तो तुमच्याशी भांडत असताना त्याची पाठ अंड्यांकडे असते. पायाखाली वाळू आहे याची खात्री झाल्याशिवाय उभे राहू नका. शिंपला, प्रवाळाचा तुटका तुकडा, काहीही उचलू नका. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, आणि मेलेला तुकडाही कुठल्या तरी जिवाचे घर असतो.

तिसरी सूचना परतल्यावरची, आणि ती छोटीच आहे. पावाभोवतीच्या झुंबडीचा व्हिडिओ पाठवू नका; पाठवायचाच असेल तर प्रवाहात उभ्या थव्याचा पाठवा. होडीवाल्याने खरोखरच पाव न टाकता दाखवले असेल, तर अभिप्राय लिहिताना तेवढे नाव घेऊन नमूद करा. त्याला ते पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवता येते, आणि शेजारच्या होडीलाही त्यातून काय विकले जाते ते कळते. मुलांना बरोबर नेणार असाल तर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घरट्याची गोष्ट सांगा, म्हणजे पाण्यात त्यांना शोधायला काहीतरी असेल. खाऊ हातात नसला की मुलांना कंटाळा येतो असे म्हणतात. पण ‘अंड्यांची राखण करणारा काळा बाबा कुठे आहे ते शोध’ असे सांगितलेल्या मुलाला दहा मिनिटे पुरत नाहीत. पुढच्या सुट्टीत धक्क्यावर जाल, तेव्हा होडीत चढताना कोणी पावाची पिशवी पुढे केली, तर ती हसून परत करा आणि विचारा, आज प्रवाह कोणत्या बाजूचा आहे? त्या प्रश्नावर गाइड कुठे बोट दाखवतो ते पाहून तिकडे मास्क वळवा.